वही समोर ठेवली होती, कोणी उघडली नाही

सगळ्यात आधी एक गोष्ट लिहून ठेवते, कारण काही नातेवाइकांच्या मनातली शंका अजून गेलेली नाही. आमच्या घरात गोळी चुकली नव्हती. दुप्पट दिली गेली नव्हती, राहून गेली नव्हती, दुसऱ्या कोणाची दिली गेली नव्हती. सासूबाईंच्या असिट्रोमची, म्हणजे रक्त पातळ करायच्या गोळीची, वही मी ठेवते. तारीख, किती मिलिग्रॅम, किती वाजता, आणि समोर बरोबरची खूण. आयएनआरचा आकडा लाल पेनाने. हृदयात झडप बसवली तेव्हापासूनच्या सगळ्या वह्या कपाटात आहेत. ज्याला शंका असेल त्याने येऊन पाहाव्यात.

आम्ही बुलढाणा जिल्ह्यातले, घाटावरचे. पोळ्याच्या आधीचे दिवस होते, पावसाची झड लागलेली, विहिरीचं पाणी गढूळ. आईंना, म्हणजे सासूबाईंना, जुलाब लागले, अंगात कणकण, जेवण जवळजवळ बंद. ताक आणि भाताची पेज, एवढंच पोटात जात होतं. तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर जुने, नाव मोठं, बाहेर सकाळपासून रांग. आत गेल्या गेल्या मी सांगितलं, "साहेब, आईंना धातूची झडप बसवलेली आहे. असिट्रोम चालू आहे. ही त्यांची वही." वही त्यांच्या हाताशी ठेवली. त्यांनी ती उघडली नाही. बोटाने माझ्याकडे परत सरकवली आणि म्हणाले, "ते हृदयाचं आहे, हे पोटाचं. दोन्ही चालू ठेवा."

मी पुन्हा विचारलं, "रक्त पातळ करायच्या गोळीसोबत या चालतील ना?"

"बाई, डॉक्टर तुम्ही की मी?"

दाराशी उभ्या असलेल्या बाया हसल्या. तो प्रश्न आणि ते हसणं माझ्या कानातून जात नाही.

अंग दुखतं म्हणून आईंच्या कमरेत एक सुई दिली. सलाईन लावलं. मग कंपाउंडरने कागदाच्या पुड्यांत गोळ्या बांधून दिल्या. पांढरी सकाळ-संध्याकाळ, पिवळसर दिवसातून तीनदा. कोणत्याच गोळीचं नाव नाही, चिठ्ठी नाही, बिल नाही. आपल्याकडे असंच चालतं आणि आपणही ते चालवून घेतो.

जुलाब थांबले. पण आई म्हणू लागल्या, "सूनबाई, तोंडात लोखंडासारखं लागून राह्यलं. काहीच गोड लागत नाही." मग दात घासताना थुंकीत रक्त दिसू लागलं. मी त्या दवाखान्यात फोन केला. कंपाउंडरने डॉक्टरांना विचारून सांगितलं, "उष्णता वाढली असेल, ताक द्या."

एका सकाळी आईंना न्हाऊ घालायला घेतलं. लुगडं सोडलं आणि माझे हात थांबले. सुई दिलेल्या जागेपासून कातडी काळीनिळी पडली होती. डाग कमरेवरून मांडीवर, मांडीवरून गुडघ्याच्या मागपर्यंत उतरलेला. हात लावला तर आतून टणक, गरम. आई म्हणाल्या, "रात्रीपासून ठणकून राह्यलं, तुले उठवलं नाही." मोरीत पाहिलं तर लघवी लालसर होती. सुईच्या जागेचं रक्त आतल्या आत वाहत होतं, थांबायचं नाव घेत नव्हतं. तेव्हा मला कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही. शेवटच्या आयएनआरचा आकडा वहीत होता आणि तो अगदी जागेवर होता. त्यानंतर आमच्या घरात नवीन गोष्ट एकच आली होती, त्या पुड्या.

चिखलीहून देऊळगाव राजा, जालना करत छत्रपती संभाजीनगर गाठलं. तिथल्या दवाखान्यात आयएनआर आला ८.६. ज्यांना हा आकडा परका आहे त्यांच्यासाठी सांगते. रक्त किती उशिरा गोठतं, त्याचा हा आकडा. धडधाकट माणसाचा आयएनआर साधारण १ असतो. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांचा २ ते ३ मध्ये ठेवतात. आईंसारखी मायट्रल जागी धातूची झडप असेल तर साधारण २.५ ते ३.५. आकडा खाली गेला तर झडपेवर गुठळी धरते आणि ती मेंदूत जाऊ शकते. वर गेला तर रक्त कुठूनही वाहू लागतं. या दोन भिंतींच्या मधल्या बोळातून आम्ही वर्षानुवर्षं त्यांना नीट चालवत आणलं होतं.

आणि तिथल्या एका शिकाऊ डॉक्टरने केसपेपरवर पहिलाच शब्द लिहिला, 'ओव्हरडोस', आणि पुढे प्रश्नचिन्ह.

तो शब्द नणंदबाईंनी वाचला. पुढचं सांगायला नको. पॅसेजमध्ये, चारचौघांत त्या मला म्हणाल्या, "दोनदा दिली असशील गं, तुझं लक्ष कुठं असतं?" इकडे माझा पुतण्या त्या पहिल्या दवाखान्यात विचारायला गेला तर तिथेही तेच उत्तर, "घरच्यांनी गोळी दुप्पट दिली असेल. म्हाताऱ्या माणसांच्या घरी असं होतच असतं." न पाहिलेल्या वहीबद्दल, न मोजलेल्या गोळ्यांबद्दल इतक्या खात्रीने बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी मोठे डॉक्टर राउंडला आले. मी वही पुढे केली, सोबत असिट्रोमची पट्टीही. त्यांनी दोन्ही हातात घेतलं. वहीतल्या खुणा आणि पट्टीतल्या रिकाम्या जागा जुळवून पाहिल्या. मग विचारलं, "मधे दुसरं काय औषध झालं?" मी उरलेल्या पुड्या दिल्या. गोळ्यांवर नाव नव्हतं. त्यांनी आईंना विचारलं, "आजी, तोंडाची चव कशी आहे?" आई म्हणाल्या, "लोखंडासारखी." ते शिकाऊ डॉक्टरकडे वळून म्हणाले, "मेट्रोनिडाझोल असणार." दुसऱ्या दिवशी पुतण्याने कंपाउंडरला गाठून नावं काढली. मेट्रोनिडाझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन. सुई डायक्लोफेनॅकची. मोठ्या डॉक्टरांनी केसपेपरवरचा 'ओव्हरडोस' खोडला, शेजारी औषधांची नावं लिहिली आणि सही केली. त्या पानाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे. नणंदबाईंना तो पाठवला. त्यांचं त्यावर अजून काही म्हणणं आलेलं नाही.

उपचारही सोपा नव्हता. रक्तस्राव थांबवायचा म्हणून व्हिटॅमिन के भरमसाट देता येत नव्हतं, कारण रक्त एकदम घट्ट झालं तर झडपच अडकायची भीती. म्हणून व्हिटॅमिन के थोड्या मात्रेत, सोबत प्लाझ्माच्या पिशव्या, आणि पुन्हा पुन्हा आयएनआर. आई वाचल्या. पाय मात्र बरेच दिवस टेकवता येत नव्हता.

आता ते का घडलं हे सांगते. मोठ्या डॉक्टरांनी मला बसवून समजावलं आणि नंतर मी जमेल तेवढं वाचलं.

असिट्रोम आणि वॉरफरिन ही एकाच घराण्यातली औषधं. रक्त गोठवणारे काही घटक यकृत व्हिटॅमिन केच्या मदतीने तयार करतं, ते काम या गोळ्या मंदावतात. वॉरफरिनचा शोधच गुरांच्या रक्तस्रावातून लागला, हे शेतकऱ्याच्या घरात लगेच समजेल. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी आलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्त वाहून मरू लागली. साधं शिंग कापलं तरी रक्त थांबेना. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने १९४० च्या सुमारास त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं केलं. त्यावरून पुढे बनलेलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं. मात्रा सांभाळली तर जीव वाचवतं, नाहीतर काय करतं ते उंदराच्या औषधावरून कळावं. अशा गोळीबद्दल 'ते हृदयाचं, हे पोटाचं' म्हणून मोकळं होता येत नाही.

ही गोळी शरीरातून बाहेर टाकायचं काम मुख्यतः यकृतातलं एक विकर करतं. मेट्रोनिडाझोल ते विकर अडवतं. गोळी तेवढीच दिली तरी आदल्या दिवसाची पुरती संपलेली नसते, तिच्यावर आजची चढते. म्हणजे रक्तात औषध वाढलं, पण आमच्या हाताने नाही. शिवाय अँटिबायोटिकने आतड्यातले जंतू मरतात, त्यातले काही आपल्याला व्हिटॅमिन के पुरवत असतात. जुलाबात ते अंगी लागत नाही. पेजेवर असलेल्या माणसाच्या ताटात पालेभाजी नसते. तापात रक्त गोठवणारे घटक लवकर खर्ची पडतात. म्हाताऱ्या माणसाचं यकृत, मूत्रपिंड आधीच मंद. आईंच्या बाबतीत ही सगळी कारणं एकाच आठवड्यात एकत्र आली, वर कमरेत सुई.

ज्यांच्या घरी अशी गोळी चालू आहे त्यांनी हे वाचाच.

कोणतंही अँटिबायोटिक सुरू झालं की तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आत आयएनआर करून घ्या. औषध कितीही साधं असो, डॉक्टर काहीही म्हणोत. कोर्स लांबला तर पुन्हा करा. आणि कोर्स संपल्यावर आठवडाभरात आणखी एकदा करा, कारण अडवणारं औषध गेलं की आकडा खाली येतो आणि मधे कोणी असिट्रोम कमी केलेली असेल तर तो फारच खाली जाऊ शकतो. लहान गावातल्या लॅबमध्ये नमुना बाहेर पाठवतात, रिपोर्टला वेळ लागतो. तो वेळ हिशोबात धरा, शनिवार-रविवार पाहून रक्त द्या.

आकडा जास्त वाढवणाऱ्या औषधांची नावं एका कागदावर लिहून गोळ्यांच्या डब्यात ठेवा. मेट्रोनिडाझोल. लघवीच्या त्रासाला देतात ते कोट्रायमोक्साझोल, म्हणजे सल्फाची गोळी. बुरशीसाठीचं फ्लुकोनाझोल. तोंड आलं की कवळीखाली लावतात ते मायकोनाझोलचं जेलसुद्धा, मलम म्हणून त्याला हलकं समजू नका. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिनच्या घरातल्या गोळ्या. जुलाबाच्या गोळ्यांत बऱ्याचदा दोन औषधं एकत्र असतात, नावाच्या शेवटी 'टीझेड' किंवा 'ओझेड' असतं, त्यातलं एक मेट्रोनिडाझोलच्या जातीचं असतं. टीबीचं रिफाम्पिसिन उलटं काम करतं. त्याने गोळीचा असर घटतो, आणि ते बंद केल्यावर काही आठवड्यांत आकडा वर चढतो. अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखी औषधं त्या मानाने सौम्य, पण तपासणी त्यांनाही हवीच.

याचा अर्थ अँटिबायोटिक घ्यायचंच नाही असा मुळीच नाही. झडप असलेल्या माणसाच्या अंगात जंतुसंसर्ग तसाच सोडला तर तो झडपेवर जाऊन बसतो आणि तो आजार जीवघेणा असतो. औषध घ्यायचं, पण रक्तावर नजर ठेवून.

आणि असिट्रोम स्वतःच्या मनाने बंद करू नका. आमचा अनुभव ऐकून शेजारच्या गावातले एक काका गोळी सोडायला निघाले होते. त्यांना हात जोडून थांबवलं. बंद करायची की कमी करायची, ते आयएनआर पाहून डॉक्टर ठरवतील.

कमरेत, दंडात सुई घेऊ देऊ नका. रक्त पातळ असलेल्याच्या स्नायूत सुई गेली की आत रक्त साचू शकतं. गोळी द्या किंवा शिरेतून द्या, असं स्पष्ट म्हणा. आपल्याकडे सुई दिल्याशिवाय बरं वाटत नाही अशी समजूत आहे, आणि काही दवाखाने त्या समजुतीवरच चालतात.

डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या टाळा, त्या पोटातून रक्तस्राव करू शकतात. पॅरासिटामॉल त्यांच्यापेक्षा बरं, पण तेही रोज चार-चार गोळ्या आठवडाभर असं घेतलं तर आयएनआर वाढतो.

पुडी घेऊ नका. पट्टीसकट गोळ्या मागा, निदान नाव तरी चिठ्ठीवर लिहून मागा. आमचा एक पूर्ण दिवस फक्त ही गोळी कोणती हे शोधण्यात गेला, आणि तेवढा वेळ आईंच्या मांडीत रक्त साचत होतं. कितीतरी अँटिबायोटिक्स २०१४ पासून 'एच वन' यादीत आहेत. ती विकताना दुकानदाराने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव, औषध, मात्रा रजिस्टरमध्ये लिहायची असते. नाव लपवायची मुभा कोणालाच नाही.

पालेभाजी बंद करू नका. अंबाडी, मेथी, पालक, हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी, जे नेहमी खाता ते नेहमीच्याच प्रमाणात खा. एका आठवड्यात रोज भाजी आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही, असं नको. आजारपणात जेवण तुटलं की तेही डॉक्टरांना सांगा, कारण तेवढ्यानेही आकडा हलतो.

नव्या गोळ्यांविषयी लोक विचारतात. अपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डॅबिगाट्रान यांना दरमहा आयएनआर लागत नाही हे खरं. पण क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या औषधांनी त्यांचंही प्रमाण रक्तात वाढतं आणि रिफाम्पिसिनने घटतं, फक्त ते आयएनआरमध्ये नीट कळत नाही. त्यातलं डॅबिगाट्रान बहुतांशी मूत्रपिंडातून बाहेर जातं. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाण पट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराचं दुःख किती घरांत आहे ते सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या माणसाने क्रिएटिनिन तपासल्याशिवाय ही गोळी सुरू करू नये, आणि मधे जुलाब-उलट्या झाल्या तर पुन्हा तपासावं. धातूची झडप असेल तर या गोळ्या चालतच नाहीत. डॅबिगाट्रानचा त्यासाठीचा अभ्यास गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे मधेच थांबवावा लागला, २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. संधिवाताच्या तापाने झडप खराब होऊन ठोके अनियमित झालेल्या रुग्णांतही रिव्हारोक्साबानपेक्षा जुनी गोळीच सरस ठरली, असं २०२२ मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं. आपल्या भागातल्या झडपेच्या बऱ्याच रुग्णांचं मूळ दुखणं हेच असतं. तेव्हा कोणाच्या सांगण्यावरून गोळी बदलू नका.

हिरड्यांतून, नाकातून रक्त, लाल लघवी, डांबरासारखी काळी शौच, विनाकारण काळेनिळे डाग, अचानक जोरात डोकं दुखणं, यातलं काहीही दिसलं तर उष्णता म्हणून घरी बसू नका. म्हातारं माणूस पडलं आणि डोक्याला मार लागला तर वरून काही दिसत नसलं तरी दवाखान्यात न्या. १०८ ला फोन करताना पहिल्याच वाक्यात सांगा, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. बाकी नेहमीचं आहेच. वेळेवर गोळी, वेळेवर तपासणी, काढे-चूर्णं विचारल्याशिवाय नको, फाइल सोबत ठेवा, धीर सोडू नका.

औषधाचा असा दुष्परिणाम झाला तर तो सामान्य माणसालाही कळवता येतो. भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाचा टोल फ्री क्रमांक आहे १८००-१८०-३०२४. मी कळवलं. त्याने त्या डॉक्टरांचं काही बिघडलं नसेल, पण कुठेतरी नोंद झाली की घरच्यांनी गोळी दुप्पट दिली नव्हती.

डॉक्टर मंडळींनाही एक सांगायचं आहे. मी डॉक्टरांच्या विरोधात नाही. आईंना वाचवलं तेही डॉक्टरच होते, आणि त्यांनी काही चमत्कार केला नव्हता, वही हातात घेतली आणि एक प्रश्न विचारला. तेवढंच काम पहिल्या दवाखान्यातही करता आलं असतं. २०२४ मध्ये बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, त्याचा आनंद आहे. पण तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांना हे शिकवा की खेड्यातली बाई वही घेऊन समोर बसते तेव्हा ती तुमची परीक्षा घेत नसते. आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत आयएनआर रोजच्या रोज होईल असं बघा. त्याशिवाय तिसऱ्या दिवशी रक्त तपासा हा सल्ला घाटावरच्या माणसासाठी कागदावरच राहील.

आता आईंना काहीही झालं तरी मी दवाखान्यात एकच मागणी करते, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठत नाही. तुम्हीही उठू नका. गोळ्या हातात घेण्याआधी म्हणा, "साहेब, आयएनआर कोणत्या दिवशी करू, ती तारीख चिठ्ठीवर लिहून द्या." जे लिहून देतील त्यांच्याकडेच पुन्हा जा.